ब्रुकलिनचा प्रतिनिधी आणि तापीकाठची माणसे

सुरतेपासून थोड्या अंतरावर, तापीच्या काठी, कामरेज हे गाव वसले आहे. मुंबईहून अहमदाबादेकडे जाणारा महामार्ग येथेच तापी ओलांडतो. त्यामुळे आज कामरेज म्हटले की प्रवाशाला चौफुली, मालमोटारींची रांग आणि नदीवरचा पूल एवढेच आठवते. परंतु गावाचे वय फार मोठे आहे. गुजरातच्या चालुक्यांच्या ताम्रपटांत ‘कार्मणेय’ या नावाने ज्या स्थळाचा उल्लेख येतो ते हेच, असे संशोधक मानतात. मध्ययुगानंतर हा मुलूख गायकवाडांकडे आला आणि बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतातील एक महाल म्हणून कामरेजचा कारभार चालू लागला. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० साली हा प्रदेश गुजरात राज्यात गेला. कामरेजचा आणि मराठी माणसाचा संबंध असा पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. ज्या बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, त्या बडोद्याच्या खजिन्यात कामरेजच्या शेतकऱ्याने भरलेला सारादेखील होता.

या भागातील माणसाला परदेशाचे भय कधी वाटले नाही. कामरेज तालुक्यातील खोलवड आणि कठोर या गावांतील व्यापारी गेल्या शतकाच्या आरंभापूर्वीच आफ्रिकेकडे निघाले होते. जोहान्सबर्ग शहरातील ‘खोलवड हाउस’ ही इमारत त्या खेड्याचे नाव आजही मिरविते. दक्षिण आफ्रिकेच्या स्वातंत्र्यलढ्यातील अहमद कथराडा यांचे बिऱ्हाड त्याच इमारतीत होते आणि नेल्सन मंडेला यांची तेथे ये-जा असे. आफ्रिका झाली, ब्रह्मदेश झाला, फिजी आणि न्यूझीलंड झाले. परंतु अमेरिकेचे दार मात्र या माणसांना दीर्घकाळ बंद होते. ते दार समुद्राने बंद केलेले नव्हते, कायद्याने केलेले होते. आणि ते ज्याने एकदा किलकिले केले व दुसऱ्यांदा सताड उघडले, त्यात ज्याचा वाटा सर्वांत मोठा होता, तो गृहस्थ कामरेजपासून हजारो कोस दूर, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातून निवडून येणारा एक वकील होता. त्याचे नाव इमॅन्युएल सेलर.

सेलर यांचा जन्म ६ मे १८८८ रोजी ब्रुकलिनमध्येच झाला. पूर्वज जर्मनीतून आलेले, घराणे ज्यू. वडिलांचा मद्याचा व्यापार होता, पण तो बुडाला. मुलगा महाविद्यालयात शिकत असतानाच वडील वारले आणि पाठोपाठ आईही गेली. घराचा भार अंगावर पडला. तेव्हा सकाळी वर्गात बसावे आणि दुपारपासून संध्याकाळपर्यंत दारोदार मद्याची मागणी नोंदवीत फिरावे, असा क्रम या तरुणाने चालविला. अशा स्थितीत त्यांनी १९१० साली कोलंबिया महाविद्यालयाची पदवी घेतली आणि १९१२ साली तेथीलच कायद्याची. आंबेडकर त्या विद्यापीठात पोहोचले ते पुढच्याच वर्षी. दोघांची गाठ पडली नाही; पण कायदा हे दुर्बलाचे शस्त्र होऊ शकते, हा धडा दोघांनीही आयुष्यभर गिरविला.

१९२२ च्या निवडणुकीत सेलर डेमोक्रॅटिक पक्षातर्फे प्रतिनिधिगृहावर निवडून आले आणि १९२३ च्या मार्चमध्ये त्यांची कारकीर्द सुरू झाली. ज्या वर्षी ते वॉशिंग्टनला गेले त्याच वर्षी, अवघे काही दिवस आधी, त्या नगरीत हिंदी माणसाच्या भवितव्याविषयी एक मोठा निवाडा झाला होता. तो समजून घेतल्यावाचून सेलर यांच्या पुढील कार्याचे मोल कळणार नाही.

अमेरिकेने १७९० साली जो नागरिकत्वाचा कायदा केला, त्यात परदेशी जन्मलेल्या ‘स्वतंत्र गोऱ्या’ माणसालाच नागरिक होता येईल अशी अट होती. यादवी युद्धानंतर, १८७० साली, आफ्रिकी वंशाच्या लोकांना ही वाट मोकळी झाली. आशियातील लोक मात्र मध्येच लोंबकळत राहिले. हिंदी माणूस गोरा की काळा, हा प्रश्न निरनिराळ्या न्यायालयांनी निरनिराळ्या तऱ्हेने सोडविला. त्या काळच्या वंशशास्त्राप्रमाणे उत्तर हिंदुस्थानातील लोक ‘कॉकेशियन’ गणले जात. तेव्हा काही न्यायाधीशांनी त्यांना नागरिकत्व दिले. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेले भगतसिंग थिंद हे त्यांपैकीच एक. त्यांच्या नागरिकत्वाला सरकारने आव्हान दिले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. थिंद यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते सखाराम गणेश पंडित.

ज्यांच्या नावाची घडण थेट मराठी आहे, असे हे पंडित मूळचे अहमदाबादचे. १९०६ साली ते हिंदू तत्त्वज्ञानावर व्याख्याने देण्यासाठी अमेरिकेत गेले व तेथेच राहिले. १९१४ साली लॉस एंजलिस येथील न्यायालयाने त्यांना नागरिक करून घेतले. १९१७ साली त्यांना कॅलिफोर्नियात वकिलीची सनद मिळाली आणि १९२० साली त्यांनी एका अमेरिकन स्त्रीशी विवाह केला. थिंद खटल्यात त्यांनी केलेला युक्तिवाद शास्त्राधारे बिनतोड होता: शास्त्रज्ञ ज्याला कॉकेशियन म्हणतात तोच जर गोरा, तर हिंदी मनुष्य गोरा ठरतो. काही महिन्यांपूर्वीच ओझावा या जपानी गृहस्थाच्या खटल्यात याच न्यायालयाने गोरा म्हणजे कॉकेशियन असे सांगितले होते.

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी एकमताचा निर्णय वाचला. कायद्यातील ‘गोरा’ हा शब्द शास्त्रज्ञाचा नव्हे, सामान्य माणसाचा आहे; आणि सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो त्यात हिंदी माणूस बसत नाही, असा त्याचा आशय होता. जपानी माणसाला शास्त्राच्या नावाने बाहेर ठेवावे आणि हिंदी माणसाला शास्त्र बाजूस सारून बाहेर ठेवावे, असा हा दुहेरी न्याय होता. हा निर्णय लिहिणारे सदरलँड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि बालपणी अमेरिकेत आलेले होते, हेही येथे लक्षात घ्यावे.

या निवाड्याचे परिणाम केवळ पुढे येणाऱ्यांवर झाले नाहीत. जे पूर्वीच नागरिक झाले होते, त्यांच्याकडून दिलेले नागरिकत्व परत घेण्याचे दावे सरकारने सुरू केले. साठांहून अधिक हिंदी लोकांवर हा प्रसंग आला. नागरिकत्व गेले की पश्चिम किनाऱ्यावरील राज्यांत जमीन बाळगण्याचा हक्कही जाई, कारण नागरिक होण्यास अपात्र असलेल्या परकीयास जमीन घेण्याची तेथे बंदी होती. घरची स्त्री अमेरिकन असली तर तिचेही नागरिकत्व धोक्यात येई. अपात्र परकीयाशी लग्न करणारी स्त्री स्वतः परकी ठरेल, असे १९२२ च्या कायद्याने सांगितले होते. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये व्यापार करणारे पेशावरचे वैष्णोदास बगाई यांनी इंग्रजांचे राज्य नको म्हणून मायदेश सोडला होता आणि १९२१ साली अमेरिकेचे नागरिकत्व मिळविले होते. ते काढून घेतल्यावर प्रवासासाठी पुन्हा इंग्रजी पारपत्र मागण्याची वेळ त्यांच्यावर आली. १९२८ च्या मार्चमध्ये त्यांनी आत्महत्या केली आणि आपल्या मृत्यूचे कारण वृत्तपत्राला लिहून ठेवले.

पंडित यांच्यावरही दावा झाला. जो वकील कालपर्यंत दुसऱ्याच्या नागरिकत्वासाठी झगडत होता, तो आता स्वतःच आरोपीच्या जागी उभा होता. नागरिकत्व गेले असते तर सनद गेली असती, घर गेले असते, पत्नीही परकी ठरली असती. पण पंडितांनी या वेळी वंशशास्त्राचे पुस्तक उघडलेच नाही. त्यांनी मांडलेला मुद्दा साधा होता. १९१४ साली न्यायालयाने सर्व बाजू ऐकून निर्णय दिला. सरकारी अधिकाऱ्याने तेव्हाच हरकत घेतली होती आणि ती फेटाळली गेली होती. सरकारने मुदतीत अपील केले नाही. त्या निर्णयावर विसंबून एका माणसाने आपले सारे आयुष्य उभे केले. आता इतक्या वर्षांनी सरकारने येऊन तो निर्णयच चुकीचा होता असे म्हणावे, हे न्यायाला धरून नाही. १९२६ साली न्यायाधीश पॉल मॅकॉर्मिक यांनी हा मुद्दा मान्य केला, त्याच वर्षी वरिष्ठ न्यायालयानेही तो उचलून धरला आणि १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील ऐकण्यास नकार दिला. पंडितांचे नागरिकत्व टिकले आणि त्यांच्यामागून इतर अनेकांवरचे दावे सरकारला सोडून द्यावे लागले.

न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी या गावी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करणारे विद्युत्-अभियंते शंकर लक्ष्मण गोखले यांच्यावरही असाच दावा झाला होता. लोहचुंबकत्वावरील त्यांचे निबंध अमेरिकन अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकांत छापले जात होते. पण ज्या देशाच्या विद्याभांडारात ते भर घालीत होते, त्या देशाचे ते नागरिक असू शकतात की नाही, याचाच वाद न्यायालयात चालू होता. १९२८ साली तोही सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत गेला आणि सरकारला तो जिंकता आला नाही.

हे विजय मोठे होते, पण त्यांची मर्यादाही ओळखली पाहिजे. पंडित आणि गोखले यांचे नागरिकत्व वाचले ते जुना निर्णय उलटविता येत नाही म्हणून. हिंदी माणूस इतर माणसांच्या बरोबरीचा आहे असे मान्य झाले म्हणून नव्हे. ज्यांच्या हाती कागद होता त्यांचा कागद शाबूत राहिला. नवा कागद कोणालाच मिळणार नव्हता. न्यायालयाचा मार्ग येथे संपला. उरला तो विधिमंडळाचा.

आणि विधिमंडळात वारे उलट दिशेने वाहत होते. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानासह आशियाचा मोठा भाग प्रवेशबंदीच्या रेषेत आलाच होता. १९२४ साली जॉन्सन–रीड कायदा आला. अमेरिकेत कोणत्या देशातून किती माणसे यावीत याचे प्रमाण त्याने ठरवून दिले, आणि त्यासाठी आधार घेतला १८९० च्या जनगणनेचा. इतकी जुनी जनगणना का, याचे उत्तर उघड होते: त्या वर्षी इटली, पोलंड, रशिया येथून आलेल्या कॅथलिक व ज्यू लोकांची संख्या अमेरिकेत थोडी होती, तेव्हा तिच्या हिशेबाने त्यांना जागाही थोड्या मिळणार होत्या. जे नागरिक होण्यास अपात्र, त्यांना तर जागाच नव्हती. थिंद निवाड्याने हिंदी मनुष्य त्याच रकान्यात जाऊन बसला होता.

नवखे सेलर या विधेयकाविरुद्ध उभे राहिले. सभागृहातील ते त्यांचे पहिले महत्त्वाचे भाषण. माणसाची लायकी त्याच्या जन्मस्थळावरून ठरविणे हे अमेरिकेच्या मूळ प्रतिज्ञेशी विसंगत आहे, हा त्यांचा मुद्दा होता. विधेयक प्रचंड बहुमताने मंजूर झाले. नवा सभासद हरला आणि विषय मिटला असे बहुतेकांना वाटले असेल. पण विरोधाचे ते टिपण सेलर यांनी जणू एकेचाळीस वर्षे खिशात जपून ठेवले.

मधल्या काळात त्यांच्या वाट्याला यश फारसे आले नाही. हिटलरच्या राज्यातून जीव घेऊन पळणाऱ्या ज्यू निर्वासितांना आसरा मिळावा म्हणून त्यांनी आपल्याच पक्षाच्या सरकारशी वाद घातला, परराष्ट्र खात्याच्या अडवणुकीवर कठोर टीका केली; पण प्रमाणाचा कायदा हलला नाही आणि असंख्य माणसे त्या कायद्याच्या पलीकडच्या बाजूला मरण पावली. आकड्यांच्या तक्त्यातील एक रकाना माणसाच्या जीवनमरणाचा प्रश्न कसा होतो, हे सेलर यांनी जवळून पाहिले.

दुसऱ्या महायुद्धाने परिस्थिती पालटली. जपानविरुद्ध लढताना चीन व हिंदुस्थान यांची सहानुभूती अमेरिकेला हवी होती. १९४३ साली चिनी लोकांवरील बंदी उठली. त्याच धर्तीवर हिंदी लोकांसाठी कायदा व्हावा म्हणून जे. जे. सिंग यांच्या इंडिया लीगने, कॅलिफोर्नियातील पंजाबी शेतकऱ्यांनी आणि दलीपसिंग सौंद यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली. प्रतिनिधिगृहात हे विधेयक दोघांनी हाती घेतले: एक रिपब्लिकन पक्षाच्या क्लेअर बूथ ल्यूस, दुसरे डेमोक्रॅट सेलर. दोघांचे राजकारण दोन टोकांचे. पण या एका प्रश्नावर ते एकत्र आले. २ जुलै १९४६ रोजी अध्यक्ष ट्रुमन यांनी ल्यूस–सेलर कायद्यावर सही केली. हिंदी माणसाला अमेरिकेचा नागरिक होण्याचा हक्क मिळाला आणि हिंदुस्थानला दरसाल शंभर जणांचा वाटा मिळाला.

शंभर! चाळीस कोटींच्या देशाला दरसाल शंभर माणसे. आकडा पाहिला तर ही थट्टाच वाटावी. पण त्या कायद्यातील मोलाची गोष्ट आकड्यात नव्हती, हक्कात होती. १९४० च्या जनगणनेत अमेरिकेतील हिंदी लोकांची संख्या अवघी २,४०५ भरली होती. त्यांतील कित्येकांनी तेथे उभे आयुष्य काढले होते, पण मत देण्याचा अधिकार त्यांना नव्हता. तो अधिकार आता आला आणि त्याचे फळ लवकरच दिसले. १९२० साली विद्यार्थी म्हणून आलेले सौंद १९४९ साली, एकोणतीस वर्षांनी, नागरिक झाले. आणि १९५६ साली कॅलिफोर्नियातून प्रतिनिधिगृहावर निवडून गेले. आशियात जन्मलेला पहिला सभासद त्या सभागृहात आला तेव्हा ज्यांच्या नावाच्या कायद्याने त्याला नागरिक केले ते सेलर समोरच्या बाकावर होते. सखाराम पंडित १९५९ साली वारले. थिंद खटल्यात हरलेली बाजी त्यांना हयातीतच जिंकलेली पाहायला मिळाली.

१९४९ साली सेलर प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष झाले आणि मधली दोन वर्षे सोडता १९७३ पर्यंत त्या जागी राहिले. तेथे बसून त्यांनी जे काम केले त्याची यादी लांब आहे. मोठ्या कंपन्यांनी लहान कंपन्या गिळून मक्तेदारी निर्माण करू नये म्हणून १९५० साली झालेल्या कायद्यावर त्यांचे नाव आहे. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा आणि १९६५ चा मतदानहक्काचा कायदा त्यांच्याच समितीतून पार पडला. १९५२ साली सिनेटर मॅकॅरन यांचा कायदा आला तेव्हा त्यातील वंशाची अट उठविण्याला त्यांचा विरोध नव्हता; विरोध होता तो प्रमाणपद्धती तशीच ठेवण्याला. अध्यक्ष ट्रुमन यांनी तो कायदा नाकारला, तरी विधिमंडळाने तो पुन्हा मंजूर केला. सेलर यांना आणखी तेरा वर्षे थांबावे लागले.

१९६५ साली वेळ आली. सिनेटमधील मिशिगनचे फिलिप हार्ट आणि प्रतिनिधिगृहातील सेलर यांच्या नावे विधेयक मांडले गेले. २५ ऑगस्ट १९६५ रोजी प्रतिनिधिगृहाने ते ३१८ विरुद्ध ९५ मतांनी संमत केले. ३ ऑक्टोबर रोजी न्यूयॉर्कच्या बंदरात, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी, अध्यक्ष जॉन्सन यांनी त्यावर सही केली. १९२४ ची प्रमाणपद्धती गेली. पूर्व गोलार्धातील कोणत्याही देशाला दरसाल वीस हजारांपर्यंत जागा मिळू शकतील असे ठरले. त्यांतील बहुतेक जागा नागरिकांच्या व रहिवाशांच्या नातलगांसाठी, आणि काही विद्या व कसब असणाऱ्यांसाठी. ज्या कायद्याविरुद्ध पस्तिशीतील तरुण उभा राहिला होता, तो सत्त्याहत्तर वर्षांच्या वृद्धाने रद्द करून घेतला.

येथे इतिहासाने एक गंमत केली. विरोधकांची भीती अशी होती की या कायद्याने आशियातून लोंढे येतील. त्यावर सेलर यांनी सभागृहात असे समजाविले की आशिया व आफ्रिका येथील लोकांचे अमेरिकेत नातलगच थोडे आहेत, त्यामुळे नातलगांसाठी राखलेल्या जागांचा लाभ त्यांना फारसा होणार नाही. हा अंदाज साफ चुकला. आशियातील कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि दोन मुले एवढेच नसते, हे ब्रुकलिनच्या वकिलाच्या हिशेबात आले नव्हते. आधी डॉक्टर आणि अभियंते विद्येच्या जोरावर गेले. ते नागरिक झाले. नागरिकाला आपल्या भावाबहिणींसाठी अर्ज करता येत होता. भाऊ आला, त्याची बायको आली, मग बायकोचा भाऊ आला. एका माणसामागे एक गल्ली निघाली.

सुरत जिल्ह्यातील पाटीदार कुटुंबांना ही वाट सर्वांत अधिक मानवली. कामरेज, बारडोली, पलसाणा या भागांतील खेड्यांत शेतजमिनीचे तुकडे पडत होते, आणि परगावी जाऊन धंदा करण्याची परंपरा मुरलेली होती. सुरत जिल्ह्यातून गेलेल्या कानजीभाई देसाई यांनी महायुद्धाच्या काळात कॅलिफोर्नियात एक लहानसे हॉटेल चालवायला घेतले आणि मागून येणाऱ्या गाववाल्यांना तोच सल्ला दिला. धंद्यातील सोय स्पष्ट होती. राहायला जागा त्याच छपराखाली मिळे, घरची सर्व माणसे कामाला येत, इंग्रजी थोडे कमी असले तरी अडत नसे, आणि भांडवल गावकीच्या विश्वासावर उभे राही. १९६५ नंतर अमेरिकेच्या हमरस्त्यांवरील मोटेलांच्या पाट्यांमागे पटेल हे नाव दिसू लागले. १९७२ साली युगांडातून इदी अमीनने हाकलून दिलेली काही कुटुंबेही याच धंद्यात शिरली. आज तापीकाठच्या खेड्यांत शाळेची इमारत, दवाखाना किंवा देवळाचा सभामंडप यांवर परदेशस्थ गावकऱ्यांची नावे कोरलेली दिसतात, त्यामागे या कायद्याचे एक कलम उभे आहे. आणि त्याच खेड्यांत कुलूप लावलेली मोठी घरेही दिसतात. त्यामागेही तेच कलम आहे. एका दाराचे उघडणे हे कधीकधी दुसऱ्या दाराचे मिटणे असते.

सेलर यांच्या कारकिर्दीचा शेवट मात्र त्यांच्या आरंभाला साजेसा झाला नाही. स्त्री-पुरुषांना समान हक्क देणारी घटनादुरुस्ती त्यांनी आपल्या समितीत वर्षानुवर्षे अडवून धरली होती. वंशाच्या बाबतीत जो माणूस इतका उदार, तो स्त्रियांच्या बाबतीत जुन्या मताला चिकटून राहिला. १९७० साली मिशिगनच्या मार्था ग्रिफिथ्स यांनी सभासदांच्या सह्या गोळा करून ती दुरुस्ती त्यांच्या हातून सोडवून घेतली. १९७२ साली पक्षांतर्गत निवडणुकीत एलिझाबेथ होल्ट्झमन या तीस वर्षांच्या वकील तरुणीने त्यांना सुमारे सहाशे मतांनी हरविले. मतदारसंघात ते फारसे दिसत नाहीत, ही तक्रारही त्यांना भोवली. सुमारे पन्नास वर्षांची कारकीर्द अशी एका उन्हाळ्यात संपली. १५ जानेवारी १९८१ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, ब्रुकलिनमध्येच त्यांचा मृत्यू झाला.

त्याच १९८१ साली अमेरिकेतील मराठी मंडळींनी बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना केली, हा योगायोग होय. पण त्यातील अर्थ योगायोगाचा नाही. पंडित आणि गोखले यांच्या काळात एका शहरात दुसरे मराठी घर मिळणे कठीण होते. आता मंडळांचे मंडळ काढण्याइतकी घरे झाली होती. आणि मग त्या घरांतून राज्यकर्तेही निघाले. ज्या स्केनेक्टडीत गोखले यांना आपले नागरिकत्व सिद्ध करावे लागले होते, त्याच शहरात १९५८ साली जन्मलेले कुमार बर्वे १९९० साली मेरिलँड राज्याच्या विधिमंडळावर निवडून आले. अमेरिकेतील राज्य विधिमंडळात गेलेले पहिले भारतीय वंशाचे गृहस्थ म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. २००३ पासून बारा वर्षे ते तेथील बहुमतवाल्या पक्षाचे नेते होते. नागपूरच्या स्वाती दांडेकर २००२ साली आयोवाच्या विधिमंडळात निवडून गेल्या. बेळगावात वाढलेले आणि मुंबईत रसायनशास्त्र शिकलेले श्री ठाणेदार १९७९ साली अमेरिकेत गेले; मिशिगनमधून निवडून येऊन २०२३ च्या जानेवारीत त्यांनी प्रतिनिधिगृहात शपथ घेतली. ज्या सभागृहाने १९२४ साली हिंदी माणसाला दारातच अडविले, त्याच सभागृहात एक मराठी आडनाव हजेरीपटावर आले. मधे नव्याण्णव वर्षे गेली.

या नव्याण्णव वर्षांचा हिशेब मांडताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. थिंद हरले ते न्यायालयात; पंडित जिंकले तेही न्यायालयात; पण त्यांच्या जयापजयाने कायदा बदलला नाही. कायदा बदलला तो विधिमंडळात, आणि तोही ज्यांना मताचा अधिकार नव्हता अशा लोकांसाठी दुसऱ्या कोणीतरी मत दिले म्हणून. १९४६ साली हिंदी लोकांच्या बाजूने उभे राहून सेलर यांना ब्रुकलिनमध्ये एकही मत अधिक मिळणार नव्हते, कारण हिंदी मतदार तेथे जवळजवळ नव्हतेच. राजकारणी माणूस मतांवर जगतो असे म्हणतात आणि ते बहुतांशी खरेही आहे. पण जो मत देऊ शकत नाही त्याच्यासाठी त्याने काय केले, यावरूनच त्याची खरी परीक्षा होते.

ही कसोटी एकट्या अमेरिकेपुरती नाही. नागरिकत्व हा एक कागद आहे, आणि कागद देणारे सरकार तो परतही मागू शकते, हे १९२३ साली ज्यांनी अनुभवले त्यांत मराठी माणसेही होती. आज ज्यांच्या घरी परदेशी पारपत्रे आहेत, आणि ज्यांच्या गावात परक्या प्रांतांतून माणसे पोटासाठी येत आहेत, त्या सर्वांनी सखाराम पंडितांचा साधा मुद्दा ध्यानात ठेवण्यासारखा आहे: एका माणसाने दिलेल्या शब्दावर विसंबून आयुष्य उभे केले असेल, तर तो शब्द मागे घेण्याचा अधिकार कोणालाही सहजासहजी असू नये. सुरतेच्या परिसरात आज देशाच्या अनेक प्रांतांतून आलेली माणसे हिऱ्यांना पैलू पाडीत आहेत आणि यंत्रमाग चालवीत आहेत. ज्या मुलखाने आपली माणसे जगभर पाठविली, त्याला आलेल्या माणसाची किंमत वेगळी सांगावी लागू नये.